घरी माउथगार्ड बसवायचा तर पाणी किती गरम आणि चावायचं किती?

लातूरची_आई

नमस्कार. पोरगी 11 वर्षांची आहे, तायक्वांदो खेळती, शालेय जिल्हास्तर तोंडावर आलंय आणि सरांनी सगळ्या पालकांना सांगितलंय की माउथगार्ड नसंल तर मॅटवर उभं राहू देणार नाहीत. गंजगोलाईतल्या एका दुकानातून तो गरम पाण्यात टाकून दातांवर बसवायचा प्रकार आणलाय. पाकिटावर चार चित्रं आणि बारीक इंग्लिश आहे, त्यात गरम पाणी म्हणलंय पण उकळतं का नुसतं कडक तापलेलं ते काही कळंना आणि किती वेळ ठेवायचं तिथली अक्षरंच पुसट छापलीत. सर म्हणतात पाण्यातून काढला की लगेच घालायचा आणि जोर लावून कच्चकन चावायचं. तिच्या क्लासमधल्या एकीनं तसंच केलं तर तिचा गार्ड तोंड उघडलं की खाली पडायलाय.

म्हणून मी अजून पाण्यात घातलाच नाही. अजून एक, पोरीची खालची एक दाढ हलायली आणि वरचा एक सुळा अर्धाच आलाय, अशात बसवलेला चालतो का? नुसता तोंडात धरून बघितला तर तिला उलटीसारखं व्हायलंय, मागं टोचतोय म्हणती. कुणी घरी बसवला असंल तर नीट सांगा, दातांचे डॉक्टर कुणी असतील तर अजून चांगलं.


रिंगसाईड_संभाजीनगर

ताई, पाण्यात घालायच्या आधी विचारलं ते फार बरं केलं. मी गारखेड्याला संकुलावर बॉक्सिंगची पोरं घेऊन असतो, दरवर्षी नवीन पोरांचे गार्ड बसवून देणं हे माझंच काम असतं म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पाकीट. प्रत्येक कंपनीचं पाणी आणि सेकंद थोडे वेगळे असतात, त्यामुळं मोबाईलनं फोटो काढून मोठा करून बघा, पुसट अक्षर पण बऱ्याचदा वाचता येतं, आणि पाकिटावर जे लिहिलंय ते माझ्या सांगण्याच्या वर धरा. नाहीच वाचता आलं तर दुकानदाराकडं त्याच कंपनीचं दुसरं पाकीट असतं ते बघून या.

पाण्यात घालायच्या आधी कोरडाच गार्ड वरच्या दातांवर लावून बघायचा. गार्ड वरच्या दातांनाच बसतो, खाली नाही. मधोमध एक खाच असते, ती ओठाच्या आतल्या नसेच्या, म्हणजे समोरच्या दोन दातांच्या बरोबर वर आली पाहिजे. मागं तो सगळ्यात शेवटच्या दाढेपर्यंत जायची गरज नसते. 11 वर्षांच्या पोरीला पहिली मोठी दाढ झाकली गेली की पुष्कळ झालं. तिला उलटीसारखं होतंय ते ह्याच्यामुळंच, लांबी जास्त आहे. चांगल्या धारेच्या कात्रीनं दोन्ही टोकांकडून थोडं थोडं कापा, एकदम मोठा तुकडा उडवू नका, कापला की परत लावून बघा, आणि कापलेली कड बोटानं तपासा, टोचत असंल तर गोल करा. हे सगळं गरम करायच्या आधी. मऊ झाल्यावर कापायला गेलं की आकार जातो.

मग पातेल्यात भरपूर पाणी उकळा, गार्ड पूर्ण बुडला पाहिजे. उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट तसंच राहू द्या. गॅस चालू ठेवून त्यात गार्ड टाकायचा नाही, तळाला चिकटतो आणि वाकडा होतो. शेजारी एका वाटीत गार पाणी ठेवा आणि समोर आरसा. झाऱ्यावर ठेवून गार्ड पाण्यात सोडा. बहुतेक कंपन्यांचे 20 ते 30 सेकंद असतात, काही जाड गार्डला मिनिटभर लागतो. मऊ झाला पण आकार धरून आहे इथं बाहेर काढायचा. लिबलिबीत होऊन घडी पडायला लागला म्हणजे जास्त झालं. झाऱ्यावरच पाणी झटकून गार पाण्यात एक-दोन सेकंद नुसता बुडवून काढा म्हणजे हिरडी भाजत नाही. आणि तुमच्या स्वतःच्या ओठाला लावून बघा, तुम्हाला सोसतंय का, मगच पोरीच्या तोंडात.

आता चावायचं. सरांचा मान ठेवून सांगतो, कच्चकन चावायचं नाही. मऊ गार्डवर जोर लावला की खालचे दात त्यात रुततात आणि तिथं तो अगदी पातळ उरतो, आणि मार बसतो तेव्हा झेलणार असते ती जाडीच. क्लासमधल्या त्या मुलीचा गार्ड पडतोय तोही म्हणूनच, चावून चावून सगळा माल खाली आणि बाजूला सरकला, दातांच्या बाहेरच्या अंगाला आणि हिरडीला चिकटायला काही उरलंच नाही. खालचे दात नुसते टेकले पाहिजेत. पकड येते ती चोखण्यानं. गार्ड लावला, बोटांनी वर नीट सरकवला, हलकं तोंड मिटलं, की आतली सगळी हवा जोरात ओढून घ्यायला सांगा, जीभ टाळूकडं दाबायला सांगा, आणि तुम्ही बाहेरून ओठांवरून गालांवरून बोटं फिरवत दाबत जा, ज्वारीच्या भाकरीची कड बोटानं सारखी करतो ना तसं. साधारण 20-30 सेकंद हे चालू ठेवायचं आणि सगळ्यात जास्त वेळ समोरच्या सहा दातांवर द्यायचा, कारण फुटतात ते तेच. मग काढून गार पाण्यात दोन मिनिटं.

तपासायची रीत सोपी आहे. तोंड मोठं उघडायचं, हात न लावता गार्ड वरच राहिला पाहिजे. घालून स्वतःचं नाव आणि शाळेचं नाव सांगता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे, नाकानं आणि तोंडानं दोन्हीकडून श्वास घेता आला पाहिजे. ह्यात काही बसलं नाही तर परत गरम करता येतो पण दर वेळी माल पातळ होत जातो, म्हणून एक-दोनदा ठीक, त्याच्यापुढं नवीनच घ्या.

एक राहिलंच, रंग कुठला आणलाय?


लातूरची_आई

खूप खूप धन्यवाद सर, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. रंग निळा आहे, तिला निळा आवडतो म्हणून घेतला. रंगाचं काही असतं का?


रिंगसाईड_संभाजीनगर

असतं. बॉक्सिंगमध्ये लाल किंवा थोडासुद्धा लाल असलेला चालत नाही, तोंडातून रक्त आलंय का गार्डचा रंग आहे ते रेफरीला कळत नाही म्हणून. तायक्वांदोत वर्ल्ड तायक्वांदोच्या नियमात पांढरा किंवा पारदर्शक एवढाच लिहिलाय आणि आपल्याकडच्या स्पर्धा त्याच नियमावर चालतात. जिल्ह्याला एखादे पंच सोडून देतील पण तपासणीच्या टेबलावर पोरगी रडकुंडीला यायला नको. अजून एक पारदर्शक घेऊन या. निळ्यावर आधी हात बसवा, तो रोजच्या सरावाला राहील, आणि पारदर्शक स्पर्धेला.


गल्लीतला_रेडर

पाणी उकळायची कटकट कशाला, मायक्रोवेव्हमध्ये वाटीत पाणी घालून गार्डसकट फिरवला तर नाही का चालत? होस्टेलला गॅस नाही राव आमच्याकडं.


रिंगसाईड_संभाजीनगर

गार्ड मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको, एका जागी जास्त तापतो आणि दुसरीकडं कडकच राहतो. होस्टेलला इलेक्ट्रिक किटली असंल ना, तिच्यात पाणी उकळून स्टीलच्या डब्यात ओतून घे. फक्त डबा मोठा घे, कमी पाणी लगेच निवतं.


नांदेडचा_दंतवैद्य

वर बसवायची जी पद्धत सांगितली आहे ती बरोबर आहे, मी पेशंटना हेच सांगतो, विशेषतः चोखून आणि बाहेरून दाबून बसवायचं हे. ताईंच्या दातांच्या प्रश्नाबद्दल लिहितो.

11 व्या वर्षी तोंडात दुधाचे आणि पक्के असे दोन्ही दात असतात. वरचे समोरचे दोन पक्के दात साधारण 7-8 व्या वर्षी येतात, त्यांच्या बाजूचे 8-9 ला, वरचा सुळा 11-12 ला आणि दुसरी मोठी दाढ 12-13 ला. म्हणजे तुमच्या मुलीचा सुळा अगदी वेळेवर येतोय, काळजीचं काही नाही. पण आज त्याच्यावर घट्ट बसवलेला गार्ड दोन-तीन महिन्यांनी त्या जागी टोचायला लागेल, कारण सुळा खाली सरकलेला असेल. म्हणून ह्या वयात महाग गार्ड एकदाच करून घेण्यापेक्षा दुकानातला घेऊन दर काही महिन्यांनी तपासणं आणि बदलणं जास्त बरं. बसवताना त्या अर्ध्या आलेल्या सुळ्यावर बोटानं फार दाबू नका, तिथं थोडी जागा सैल राहिली तरी चालेल. खालची हलणारी दाढ दुधाची असणार. गार्ड वर बसतो त्यामुळं तिला थेट अडचण नाही, फक्त ती पडत असेल तर पडू द्या, मग बसवा, कारण दुखऱ्या दाढेवर मूल नीट टेकत नाही आणि गार्ड तिरका बसतो.

तारा लावलेल्या असतील त्यांनी मात्र हा उकळायचा प्रकार घरी करू नये. मऊ ईव्हीए (गार्ड ज्याचा बनतो ते प्लास्टिक) ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्यांच्या भोवती जाऊन बसतं, आणि काढताना ब्रॅकेटसकट निघतं, शिवाय दात सरकवायचं काम चालू असताना घट्ट गार्ड त्यांना जागेवर धरून ठेवतो. तारांसाठी सिलिकॉनचे वेगळे गार्ड मिळतात, ते गरम करावे लागत नाहीत, पण तारा लावणाऱ्या डॉक्टरांना दाखवूनच घ्या.

आमच्याकडं जो करून देतात त्याच्यात आधी दातांचं माप घेतो, प्लास्टरचा साचा तयार होतो आणि त्याच्यावर ईव्हीएची शीट तापवून व्हॅक्युमनं ओढून बसवतात. समोर 3 ते 4 मिलिमीटर जाडी राहील असं बघतात, म्हणून तो पडत नाही आणि बोलताही येतं. 15-16 च्या पुढचा जो मुलगा बॉक्सिंग, हॉकी असं काही रोज खेळतो त्यानं हाच करून घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. खाजगीत खर्च जास्त वाटत असेल तर संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं विचारून बघा.

वाचकांपैकी कुणाला आवडेल म्हणून सांगतो, ह्याची सुरुवात डेंटिस्टनंच केली. 1890 च्या सुमारास लंडनमध्ये वूल्फ क्राऊझ नावाचे डेंटिस्ट बॉक्सरांच्या वरच्या दातांवर गटापर्चाच्या पट्ट्या बसवायचे. गटापर्चा म्हणजे झाडाच्या चिकापासूनचा पदार्थ, तापवला की मऊ होतो, आणि तो आम्ही आजही रूट कॅनलमध्ये भरतो.


परभणीचा_माती_कबड्डी

हे सगळं वाचून मन भरून आलं कारण आमच्याकडं कबड्डीत ह्याचं नावच कुणी काढत नाही. गुडघा लागतो, कोपर लागतं, चढाईवाल्याला चार जण घेऊन पडतात तेव्हा डोकं तोंडावर येतं, पण गार्ड म्हणलं की पोरं म्हणतात ते बॉक्सिंगवाल्याचं काम. मागं आमच्या शेजारच्या गावच्या स्पर्धेत एका पोराचा समोरचा दात मुळासकट निघाला, पोरांनी मातीतून उचलून रुमालात बांधला, सामना संपवला, मग तालुक्याला नेलं तिथं डॉक्टर नव्हते, मग परभणीला, तोवर दोन तासाच्या वर झालं. दात काही बसला नाही. पोरगं बावीस वर्षांचं, लग्न ठरायचं होतं, लई मनाला लावून घेतलं त्यानं. डॉक्टरसाहेब, अशा वेळी मैदानावर काय करायचं ते पण सांगाच, आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकतो.


नांदेडचा_दंतवैद्य

हे प्रत्येक मंडळाच्या प्रथमोपचार पेटीवर लिहून चिकटवावं असं मला फार वाटतं.

पक्का दात मुळासकट निघाला तर आधी तो शोधा. उचलताना पांढऱ्या, दिसणाऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. मुळावर बारीक पेशी असतात, त्या जिवंत राहिल्या तरच दात परत हाडाला धरतो, म्हणून घासायचा नाही, साबण नाही, रुमालानं पुसायचा तर नाहीच. माती लागली असेल तर दुधानं किंवा स्वच्छ पाण्यानं काही सेकंद नुसता धुवा. पेशंट शुद्धीवर असेल आणि मोठा असेल तर तिथंच त्याच्या खाचेत सरळ परत बसवा, दात कुठल्या बाजूनं आहे ते बघून, आणि स्वच्छ रुमाल त्यावर ठेवून हलकं चावून धरायला सांगा. जमत नसेल तर दात थंड दुधात टाका. दूध गावात कुठंही मिळतं, टपरीवर मिळतं, हाच त्याचा मोठा फायदा. साध्या पाण्यात भिजत ठेवू नका, त्यानं पेशी फुटतात. कोरडा तर अजिबात ठेवू नका, कोरड्यात तासाभरात त्या जवळजवळ सगळ्या मरतात. अर्ध्या तासाच्या आत डेंटिस्टकडं पोहोचलात तर फार चांगलं. निघायच्या आधी फोन करून डॉक्टर आहेत का विचारा, परभणीच्या दादांनी सांगितलं त्यात बराच वेळ तिथंच गेला.

लहान मुलाचा दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. रक्त थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आणि सगळ्याच खेळाडूंसाठी, गार्ड दात, ओठ, हिरडी सांभाळतो, पण डोक्याला मार लागून चक्कर आली, उलटी झाली, काही आठवेना, तर गार्ड घातला होता म्हणून खेळवत ठेवू नका. त्या दिवशी खेळ बंद आणि दवाखाना.


बीड_हॉकी_स्टिक

एक गोष्ट कुणी बोललंच नाही ती म्हणजे आपलं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या वर जातो आणि बंद गाडीत डॅशबोर्डवर तर त्याच्या कितीतरी वर जातं, गार्ड तिथं विसरला की संध्याकाळी तो तुमच्या दाताचा राहत नाही. दुचाकीची डिक्की पण तशीच तापती. किटमध्ये पण पाण्याच्या बाटलीजवळ सावलीत ठेवायचा. सोबत भोकं असलेली प्लास्टिकची डबी येते ती फेकू नका, त्यातच ठेवा, ओला पिशवीत कोंबला की दोन दिवसात वास मारतो. खेळून झालं की गार पाण्यानं धुवायचा, मऊ ब्रशनं घासायचा, वाळवायचा. गरम पाण्यानं धुणारे पण बघितलेत मी, मग म्हणतात सैल झाला. आमच्याकडं बोअरचं पाणी जड आहे, त्याचा पांढरा थर बसतो, म्हणून शेवटी पिण्याच्या पाण्यातून काढा. आणि एकमेकांचा घालायचा नाही, सख्ख्या भावाचा पण नाही, आमच्या संघात पोरं द्यायची घ्यायची ते बंद करायला एक अख्खा सीझन गेला.

पोरांना चघळायची सवय असती, बेंचवर बसलं की गार्ड दाढेत घेऊन चावत बसतात. महिनाभरात मागची बाजू चिरती. चिर दिसली की बदला.


लातूरची_आई

काल दुपारी निळ्यावर करून बघितलं. दाढ परवाच पडली, बरं झालं. दोन्ही टोकं थोडी थोडी कापली आणि खरंच उलटीचं थांबलं. पहिल्यांदा तिनं घाबरून चावलंच, पण जोर कमी लावला, दुसऱ्यांदा तिच्या बाबांनी बाहेरून गाल दाबले आणि मी सेकंद मोजले. आता तोंड उघडलं तरी पडत नाही. मधली खाच बरोबर समोरच्या दोन दातांच्या वर आहे. पारदर्शक आणलाय, तो आज रात्री करायचाय. एवढंच की बोलताना तिचा स आणि श नीट येईना, सराव करताना सरांना ओरडून उत्तर द्यायला लागतं त्याचं तिला टेन्शन आहे, कापून अजून लहान करू का?


नांदेडचा_दंतवैद्य

समोरून एक कणही कापू नका, तिथली जाडी आणि उंची तशीच राहिली पाहिजे. आतल्या बाजूला, म्हणजे टाळूकडं कड जाड वाटत असेल तर तेवढी एखादा मिलिमीटर कमी करता येते, जीभ तिथंच अडते म्हणून स बिघडतो. पण आधी घाई न करता रोज संध्याकाळी घरी वीस-पंचवीस मिनिटं घालून बसू द्या, अभ्यास करताना, टीव्ही बघताना, मोठ्यानं वाचायला लावा. बहुतेक मुलांना आठवड्यात सवय होते. पारदर्शकाला आतली कड गरम असतानाच जिभेनं टाळूकडं नीट दाबायला लावा म्हणजे तिथं जाड राहणारच नाही.


रिंगसाईड_संभाजीनगर

आणि ताई, पारदर्शक गार्ड स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालू देऊ नका, आठ दिवस आधीपासून त्याच्यावरच सराव होऊ द्या. तपासणीला जाताना निळा पण किटमध्ये असू द्या, पारदर्शक कुठं पडला हरवला तर पंचांना निदान विचारता येतं.